एकशे अडतिसावं कार्ड

ती घटना आठवली की आजही मला माझाच राग येतो. नोकरीत मी अनेक गुन्हे उघडकीस आणले आणि काही हातचे घालवले. त्या गुन्हेगारांचे चेहरे आता पुसट झाले आहेत. ज्याने कसलाच गुन्हा केला नव्हता, त्या माणसाचा चेहरा मात्र लख्ख आठवतो.

हैदराबाद संस्थानाची ती शेवटची वर्षं. मी औरंगाबादेत शहर ठाण्यावर अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. आमच्या वरच्या साहेबांना मोहतमीम म्हणत. शहरातलं वातावरण तापलेलं होतं. सरहद्दीपलीकडून हत्यारं येतात, इकडची माणसं तिकडच्यांना सामील आहेत, अशा बातम्या रोज यायच्या आणि वरून रोज विचारणा व्हायची, "किती पकडले?" ज्या ठाण्याचं उत्तर "एकही नाही" असेल, त्याच्या अमिनाची खैर नसायची.

अशात एका सकाळी माझा खबऱ्या आला. हा रस्त्यावरचा माणूस नव्हता, सरकारी कचेरीतला कारकून होता. त्याने आधी दिलेल्या तिन्ही बातम्या खऱ्या निघाल्या होत्या, म्हणून माझा त्याच्यावर भलताच विश्वास.

"अमीनसाहेब, आमच्या कचेरीत कागदांच्या नकला उतरणारा तो नकलनवीस," तो आवाज खाली आणून म्हणाला. "त्याला मुंबई, मद्रास, नागपूर, कुठून कुठून लिफाफे येतात. आत चिठ्ठी नाय, काय नाय. नुसतं एक कार्ड. त्याच्यावर नाव आणि पत्ता."

"कुणाचं नाव?"

"ते तुम्ही बघा. घरी लई मोठी वही आहे त्याची."

डाकघरात चौकशी केली. बातमी खरी होती. त्याची डाक यापुढं ठाण्यावर आणायची, असा हुकूम देऊन ठेवला. दुसऱ्याच दिवशी नकलनवीसाच्या घराची झडती घेतली. झडतीला पंच लागतात. शेजारी दारं लावून बसलेले, तेव्हा मी खबऱ्यालाच पंच म्हणून उभं केलं. शिकलासवरलेला आहे, सही करतो, अजून काय पाहिजे? पोलीस खात्यात पाऊल ठेवणाऱ्याला पहिल्या महिन्यात शिकवतात ते मी सोयीसाठी विसरलो. बातमी देणारा पंच नसतो.

वही सापडली. जाड पुठ्ठ्याची, पानापानांवर कापलेल्या खाचांत बसवलेली व्हिजिटिंग कार्डं. प्रत्येकावर पाण्यात उभ्या बगळ्याचं छोटं चित्र, खाली केव्हाच बुडालेल्या एका अमेरिकन मोटार कंपनीचं नाव, त्याखाली माणसाचं नाव, हुद्दा आणि गाव. काही कार्डं कंपनीच्या साहेबांची, बाकीची हिंदुस्थानभरच्या डीलरांची. पंचनाम्यासाठी मोजली तेव्हा एकशे अडतीस भरली. शेवटच्या पानामागून निघालेलं कार्ड सोलापूरच्या, म्हणजे सरहद्दीपलीकडच्या डीलरचं होतं. त्यावरच्या नावाच्या माणसावर आमच्याकडे वॉरंट होतं. कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'शुक्रवारी पुलाजवळ. दहा नग.'

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, आनंदाने आला.

मोहतमीमसाहेबांनी कागद पाहिले आणि हुकूम दिला. आरोपीला उद्या दुपारच्या गाडीने हैदराबादला पाठवायचं. त्या दिवसांत अशा आरोपाखाली हैदराबादला गेलेला माणूस महिनोन् महिने परत येत नसे, काही तर आलेच नाहीत. हे मला माहीत होतं आणि नकलनवीसालाही. गाडी सुटेपर्यंत त्याच्याकडून बाकीची नावं काढायची, हे काम माझ्याकडे आलं.

सकाळी त्याला हवालातीतून बाहेर आणलं. चाळिशीचा, किडकिडीत, बोटांना शाई. टोपी मात्र नीट होती.

"ही कार्डं कशाला जमवली?"

"छंद आहे, साहेब."

"बुडालेल्या कंपनीच्या कार्डांचा छंद?"

"बुडाली म्हणूनच तर. आता नवी छापणार नाय कुणी."

मला वाटलं हा माझी टिंगल करतोय. तो मात्र सांगत राहिला. त्याचे वडील एका जहागीरदाराकडे ड्रायव्हर होते. पाहुण्यांना वेरूळची लेणी दाखवायला न्यायचे ती गाडी याच कंपनीची, गावात तिला बगळा गाडी म्हणत. पुढं मंदीत कंपनी बंद पडली, गाडी भंगारात गेली, वडील वारले. वडिलांच्या कोटाच्या खिशात एका डीलरचं कार्ड निघालं. तिथून हे सुरू झालं. देशभर आपल्यासारखे आणखी सात-आठ वेडे आहेत, आपण एकमेकांना जादा कार्डं पाठवतो, चिठ्ठी लिहायला सांगण्यासारखं काही नसतं, असं त्याचं म्हणणं.

मी एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. घड्याळात दहा वाजून गेले होते. मारहाण मला आवडत नसे, पण माणसाचं दुखरं ठिकाण कुठं आहे ते मला कळायचं. मी वहीतून एक कार्ड काढलं आणि त्याच्यासमोर टराटरा फाडलं.

तो खुर्चीतून अर्धा उठला. जवानाने खांद्याला धरून खाली बसवलं.

"नावं सांग."

"साहेब, कराचीचं आहे ते. दुसरं मिळायचं नाय."

मी दुसरं फाडलं. आता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण नाव एकही नाही. मग मी सोलापूरचं कार्ड उचललं. ते पुरावा होतं, फाडणार अर्थातच नव्हतो. नुसतं दोन चिमटींत धरलं आणि म्हटलं, "हे पण फाडू?"

त्याने डोळे पुसले, कार्डाकडे निरखून पाहिलं. आणि काय म्हणावं त्याने?

"ते खुशाल फाडा. ते माझं नाय. माझी एकशे सदतीस आहेत."

"प्रत्येक चोर हेच म्हणतो, मुद्देमाल माझा नाही."

"तसं नाय, साहेब. ते खोटं आहे." त्याचा आवाज बदलला. भीती गेली आणि तिथं चीड आली, घरात भलतं कुणी शिरल्यासारखी. "कंपनीची शिस्त होती. डीलर कुठलाही असो, त्याचं कार्ड अमेरिकेहून कंपनीच्या कचेरीतूनच छापून यायचं. अक्षरं उठावदार. डोळे मिटा आणि अंगठा फिरवा."

हवालातीतला माणूस अमिनाला डोळे मिटायला सांगतो, ही हिंमतच म्हणायची. जवान हसला. मीही हसणार होतो, पण सहज अंगठा फिरवला. सोलापूरचं कार्ड गुळगुळीत होतं. मग वहीतली पाच कार्डं काढली, त्यात ते सहावं मिसळलं, जवानाला म्हटलं, "पिसून एकेक हातात दे," आणि खरोखर डोळे मिटले. पाच कार्डांवर अक्षरं अंगठ्याला लागत होती. एकावर काहीच नव्हतं. पुन्हा पिसलं, पुन्हा तेच.

कार्ड अमेरिकेतलं नाही, तर कुठलं? आणि वहीत घातलं कुणी? झडतीच्या वेळी वहीजवळ मी, दोन जवान आणि पंच एवढेच होतो.

गाडीला दोन तास होते. शहरात कार्ड छापण्याजोगे छापखाने मोजकेच. औरंगपुऱ्यातल्या तिसऱ्या छापखान्यात म्हातारे मालक लग्नपत्रिका जुळवत बसले होते. मी कार्ड समोर ठेवलं. त्यांनी चष्मा वर सारला आणि अगदी मोकळेपणी म्हणाले, "हौ साहब, ये मेरेच इथलं काम हाय. शादी के रुक्के का कागद. बगळा मी खुद लकडी में काटला. अच्छा नहीं बन्या क्या?"

"कुणी सांगितलं करायला?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "आप ही ने तो! तुमचा वो कारकून आला था. बोल्या, अमीनसाब का काम हाय, कोतवाली का मामला, किसी को बोलने का नय. सरकारी काम, मैं पैसे भी नय लिया."

नकलनवीसाला गजाआड घालणारं कार्ड माझ्या नावावर छापलं गेलं होतं. मी तो लाकडी ठसा ताब्यात घेतला, मालकांचा जबाब लिहून घेतला आणि टांगेवाल्याला ओरडत ओरडत ठाण्यावर आलो.

मोहतमीमसाहेब जेवायला बसले होते. त्यांनी माझं बोलणं अर्ध्यात तोडलं. "हैदराबादला तार गेली आहे. आता मी काय कळवू? आमच्या अमिनाचा अंगठा वेगळं सांगतो?"

"साहेब, ठसा बघा. छापखानेवाल्याचा जबाब बघा. आणि त्या झडतीचा पंच माझाच खबऱ्या होता, हे मी ठाण्याच्या रोजनाम्यात माझ्या हाताने लिहितो."

ते लिहिणं म्हणजे स्वतःच्या नोकरीवर दगड घालणं होतं. त्यांनाही ते कळलं. त्यांनी हात धुतले, कार्डावर अंगठा फिरवला, मग वहीतल्या एकावर फिरवला. शेवटी म्हणाले, "खबऱ्याला आणा."

खबऱ्याला फार विचारावं लागलं नाही. ठसा टेबलावर पाहिला आणि त्याने सगळं कबूल केलं. कचेरीत पेशकाराची, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणाऱ्या वरच्या कारकुनाची, जागा रिकामी होणार होती. जागा नकलनवीसाला मिळणार, असं सगळे म्हणत होते. "ती माझी होती, साहेब. मी त्याच्या आधी लागलो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. वही त्याने नकलनवीसाच्या घरीच पाहिली होती. चहा पिता पिता नकलनवीसाने स्वतः कौतुकाने दाखवलेली.

गाडी गेली. नकलनवीस तिच्यात नव्हता. खबऱ्यावर खटला झाला, मला लेखी ठपका मिळाला. तो मिळायलाच हवा होता.

खरं तर हकिकत इथं संपवायला हवी. माझ्या हाताखालच्या लोकांना मी ती इथपर्यंतच सांगत असे. पण नकलनवीसाची डाक ठाण्यावर आणण्याचा हुकूम रद्द करायला मी विसरलो होतो. महिन्याभराने मद्रासचा एक लिफाफा माझ्या टेबलावर आला. आत एक कार्ड, बगळ्याचं. अंगठ्याला अक्षरं लागली. मी खूश झालो. दोन फाडली होती, एक तरी हातात देऊ, म्हणून स्वतः त्याच्या घरी गेलो.

दार त्यानेच उघडलं. मला पाहून त्याचे हात आपोआप जोडले गेले. मागे त्याची बायको उभी होती, तिने भिंतीचा आधार घेतला. मी घाईघाईने लिफाफा पुढं केला, "घाबरू नका, तुमचंच आहे."

त्याने कार्ड बाहेर काढलं. सवयीने अंगठा फिरवला. क्षणभर त्याचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं सगळं ठीक झालं. मग त्याने बायकोकडे पाहिलं, कार्ड पुन्हा लिफाफ्यात घातलं आणि माझ्या हातात दिलं.

"परत पाठवा, साहेब. लिहा, या नावाचा माणूस इथं राहत नाय."

"अहो, पण तुम्ही निर्दोष सुटलात!"

"व्हय," तो म्हणाला. "कागदावर."

बायको पहिल्यांदा बोलली. "बाकीची मी चुलीत घातली. आम्हाला माणूस पाहिजे."

लिफाफा खिशात घालून मी जिना उतरलो.

आरोपी निर्दोष सुटला की आपलं काम चोख झालं, असं मी तोवर समजत होतो. त्यानंतर नोकरीत शेकडो झडत्या घेतल्या. घरातलं जे काही उचललं, मग ते पत्र असो, फोटो असो की फुटकी दौत, ते आधी विचारून उचललं आणि जागच्या जागी ठेवलं. हाताखालचे जवान मागे हसायचे, अमीनसाहेब झडती घेतात की पूजा मांडतात म्हणून. मी त्यांना कधी कारण सांगितलं नाही. सांगायची लाज वाटायची, आणि आज लिहितानाही वाटते आहे.