अमेरिकेतली पाच शहरं आणि एक बुटांचा जोड

मी अमेरिकेला आजवर एकदाही गेलेले नाही. तरी २०२१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमधली भारी खरेदी सरस की लॉस एंजेलिसमधली, याचा निकाल मी लावत होते. तोही आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून. आमची कंपनी प्रवाशांसाठी वेबसाइट चालवायची. कोविडमुळे प्रवासच बंद पडल्यावर वरच्या लोकांनी डोकं लढवलं, की जाता येत नसेल तर लोकांना निदान वाचून तरी सुख घेऊ दे. मग न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, मायामी आणि डॅलस अशी पाच शहरं निवडली आणि त्यांच्या आलिशान बाजारांना दहापैकी गुण द्यायचं काम माझ्या गळ्यात मारलं.

मी ते मन लावून केलं, याचीच आज जास्त चीड येते. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर चालत खरेदी होते आणि नुसतं काचेतून बघणाऱ्याला कुणी हटकत नाही, हे मला पाठ होतं. लॉस एंजेलिसच्या रोडिओ ड्राइव्हवर तुमची गाडी दुसरा माणूस लावून देतो आणि काही दुकानांचं दार आधी वेळ ठरवल्याशिवाय उघडत नाही. मायामीत दुकानांच्या मधोमध मोठाली शिल्पं उभी केलीत, लोक खरेदीपेक्षा फोटो जास्त काढतात. डॅलसमध्ये गार गाडीतून उतरून थेट गार मॉलमध्ये शिरायचं, मधे ऊन लागता कामा नये. शिकागोला मी सगळ्यात जास्त गुण दिले होते, कारण तिथे थंडी असते आणि महागडा कोट घेणाऱ्याला निदान कोटाची गरज असते. मॅनेजरने ते कारण खोडलं. "गरज हा आपला निकष नाही," तो म्हणाला. आयरिश माणूस, स्वभावाने गोड, आणि एखादी गोष्ट पटली नाही की आधी 'ग्रॅन्ड', म्हणजे 'छान, ठीक', म्हणून मग खोडायचा.

आमच्या इथे मात्र सरकारने गरजेचीच यादी करून ठेवली होती. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. शहरातली दुकानं बंद. सुपरमार्केटमध्ये दूध, पाव, बटाटे मिळत, वाइनही हवी तेवढी मिळे, पण कपडे आणि बुटांच्या फळ्यांना आडव्या पट्ट्या बांधलेल्या. वस्तू समोर दिसायची, घ्यायची मात्र नाही. आणि माझ्या सात वर्षांच्या मुलीला बूट हवे होते.

त्यात चूक कुणाची, हे सांगायचं तर पुण्यात जावं लागेल. माझं सगळं लहानपण वाढत्या मापात गेलं. शाळेचे बूट घ्यायला गेलं की दुकानदार आपणहून दोन नंबर मोठा जोड काढायचा. आई अंगठ्याने बुटाचं टोक दाबून बघायची आणि आत जागा रिकामी लागली की खूश व्हायची. मग पुढे कापूस कोंबायचा. पहिलं वर्ष फटक फटक करत चालायचं, दुसऱ्या वर्षी बूट नीट बसायचे आणि तोवर तळ गेलेला असायचा. एकदा कवायतीत माझा बूट पायातून सुटला आणि पुढच्या मुलीच्या पाठीत बसला. अख्खं मैदान हसलं. माझ्या मुलीला वाढत्या मापाचं काही म्हणजे काही घ्यायचं नाही, हे मी तेव्हापासून ठरवून टाकलं होतं, मुलगी व्हायच्या कितीतरी आधी.

२०२० च्या फेब्रुवारीत सासूबाई नागपूरहून आल्या होत्या, तीन महिन्यांसाठी. विमानं बंद झाली आणि त्या इथेच अडकल्या. नवरा हॉस्पिटलात डॉक्टर, तो घरी फक्त झोपायला यायचा. त्यामुळे सप्टेंबरमध्ये शाळा उघडताना बूट घ्यायला आम्ही तिघी गेलो. दुकानातल्या बाईने पाय पट्टीवर ठेवून लांबी मोजली, रुंदी मोजली आणि अगदी नेमका जोड काढला.

"एक नंबर मोठा घे नं, बाई," सासूबाई म्हणाल्या. "लेकराचा पाय हाय, थांबते काय तो?"

"आई, इथे तसं करत नाहीत."

"काय होते त्यानं? कापूस घालता येते."

कापूस हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. "तुमचा कंजूसपणा माझ्या मुलीच्या पायात नकोय मला," मी म्हणाले, चांगली मोठ्याने. दुकानातल्या बाईला मराठी कळत नव्हतं, तरी ती दुसरीकडे बघायला लागली. मुलगी आमच्या दोघींच्या मधे, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, अशी बसली होती. सासूबाई घरी आल्या आणि जेवणाची वेळ झाली तरी खोलीतून बाहेर आल्या नाहीत. त्यांना रुसायची सवयच आहे, असं म्हणून मी पोळ्या लाटल्या.

डिसेंबरमध्ये दुकानं काही आठवडे उघडली होती. तेव्हा मी मुलीला विचारलंही होतं, "बूट होतात ना गं?"

"दे आर ग्रॅन्ड, आई." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही कॉर्कच्या हेलात. मी सुटले. दुकानं पुन्हा बंद झाली, शाळाही बंद झाली.

जानेवारीत मी तिला रोज दुपारी नदीकाठी फिरायला न्यायचे आणि ती रोज मागे रेंगाळायची. दर दहा पावलांवर थांबायची, भिंतीवर बसायची. मला तीन वाजता शिकागोवर बसायचं असायचं. मी तिला आळशी म्हटलं, फोनवर वाढलेली पोरगी म्हटलं, एकदा दंडाला धरून ओढतही आणलं. त्याच दिवशी घरी आल्यावर सासूबाईंनी तिचे मोजे काढले आणि मला हाक मारली.

"हिच्या पायाकडं पाह्यलं काय तुनं?"

दोन्ही टाचा सोलवटलेल्या होत्या. उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं आणि मोजा त्याला चिकटला होता. सासूबाईंनी कोमट पाण्याने तो हळूहळू सोडवला. मुलीने डोळे घट्ट मिटले होते, तोंडातून आवाज नाही.

"सांगायचं नाही?" मी ओरडले. "तोंड शिवलंय का?"

"आय'म ग्रॅन्ड."

"तिच्यावर काहून तापतेस?" सासूबाई म्हणाल्या. "म्या सप्टेंबरातच म्हटलं होतं."

खरंच म्हटलं होतं, तेच मला सहन झालं नाही. वर्षभर फुकटचे सल्ले ऐकतेय, मी म्हणाले. हे माझं घर आहे, ही माझी मुलगी आहे, आणि तुम्हाला जायला विमान नाही यात माझा काही दोष नाही. शेवटचं वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच कळलं की ते जायला नको होतं. सासूबाईंनी पाण्याचं भांडं उचललं, ते मोरीत ओतलं आणि त्या खोलीत गेल्या. दार त्यांनी अगदी हळू लावलं.

मग मी बुटांच्या मागे लागले. ऑनलाइन मागवले, तर दुकान इंग्लंडातलं निघालं. ब्रेक्झिटमुळे सगळी पार्सलं कस्टममध्ये तुंबली होती, आमचंही त्यात. तोवर मुलगी बाहेर पडली तर रबरी गमबूट घालून, ते नशिबाने सैल होते. शनिवारी मी सुपरमार्केटमध्ये गेले. पट्टीच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, काळे शाळेचे बूट ओळीने मांडलेले. मी हात घातला आणि एक जोड उचलला. काउंटरवरच्या मुलीने तो बाजूला ठेवला. हे विकता येत नाहीत, सॉरी, म्हणाली. मी फोनवर नखाचा फोटो दाखवला. वाइन चालते आणि हे चालत नाही, असं का, ते मला समजावून सांग, म्हणाले. मागे रांग होती. तिचे डोळे भरून आले. तिने काही नियम केला नव्हता हे मला ठाऊक होतं, तरी मी थांबले नाही. दुकानाचा मॅनेजर येईपर्यंत मी तिच्यावर तोंडसुख घेत राहिले आणि हात हलवत घरी आले.

सोमवारी मीटिंग. 'सेवा' या रकान्यातले गुण मला वाचून दाखवायचे होते. न्यूयॉर्कला मी नऊ दिले होते, कारण तिथल्या एका दुकानाबद्दल मी स्वतःच लिहिलं होतं, की ग्राहक दारातून चालत आत येतो तेवढ्यात विक्रेत्याला कळतं, त्याचे बूट कुठे चावतायत. मी ते वाचलं आणि पुढे वाचता येईना. तळपायाची आग मस्तकात गेली. हे सगळं थोतांड आहे, मी म्हणाले, ही पाचही शहरं मी पाहिलेली नाहीत, तुम्हीही पाहिलेली नाहीत, आणि माझ्या मुलीला घालायला बूट नाहीत. मॅनेजर म्हणाला, ग्रॅन्ड, आज सुट्टी घे. त्याच्या त्या समजूतदारपणाचाही मला राग आला.

पार्सल आलंच नाही. शाळा उघडायच्या आधी कळलं, की मुलांच्या बुटांची निकड असेल तर आधी वेळ ठरवून दुकानात जाता येतं. मी तीन ठिकाणी फोन केले, तेव्हा एका छोट्या दुकानात वीस मिनिटं मिळाली. आत एक मूल आणि एकच मोठं माणूस. दुकानदार साठीची बाई होती, मास्क, वर पारदर्शक ढाल. ती गुडघे टेकून खाली बसली, तिने पाय मोजला, एक जोड चढवला आणि माझ्या मुलीला विचारलं, चावतात का?

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. बाईने दुसरा जोड घातला, पुन्हा विचारलं. मुलगी पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाली, "ग्रॅन्ड." बाईने बुटाचं टोक अंगठ्याने दाबलं आणि मान हलवली. मग मला म्हणाली, तू दोन मिनिटं बाहेर थांबतेस का, लव्ह?

मी फुटपाथवर उभी राहिले. काचेतून दिसत होतं, मुलगी बोलत होती. घरी चार शब्दांच्या वर न बोलणारी माझी मुलगी त्या अनोळखी बाईला हातवारे करून, पाय पुढे करून, टाच दाखवून सांगत होती. बाई मान डोलावत ऐकत होती. चार जोड झाले, पाचवा ठरला. बाई दारापर्यंत आली, हळू आवाजात म्हणाली, नाताळच्या आधीपासून दुखत होतं म्हणते. माझ्याकडे न बघता ती आत गेली.

नवे बूट घालून मुलगी बाहेर आली. मी खाली वाकले आणि शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

या वेळी ती मराठीत बोलली, शब्द शोधत शोधत. "सांगितलं असतं तर आजी बरोबर झाली असती. मग तू तिला ओरडली असतीस. तू ओरडलीस की आजी खोलीत जाते आणि रडते. मी दाराला कान लावते ना."

एवढं बोलून ती थांबली. मी काय करते ते बघत होती. मास्कमुळे तिला माझं तोंड दिसत नव्हतं, म्हणून नुसत्या डोळ्यांवरून अंदाज घेत होती.