एकाच नावाचं घर

नव्या भिंतींवर पाणी मारलं की ओल्या सिमेंटचा एक थंड, किंचित तुरट वास उठतो. नागपूरच्या कलत्या उन्हात तो मला मोगऱ्याहूनही प्रिय वाटे. शाळेतून परतले की पदर खोचून मी तराई करायला उभी राही, आणि त्या तहानेल्या भिंती डोळ्यांदेखत पाणी पिऊन टाकत. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं म्हणतात. आम्ही दोघांनी त्यातलं पहिलंच पाहिलं. दिवाकररावांचं लग्न माझ्याआधीच होऊन गेलं होतं. पत्नी वर्षभरात काटोलला माहेरी गेली ती परतलीच नाही, आणि सोडचिठ्ठीचा विषय निघाला की दोन्ही घरांची अब्रू आडवी येई.

घराचं कर्ज एकट्या त्यांच्या नावावर. दुसरं नाव घालायचं तर नातं सांगावं लागे, आणि ते कुठून आणणार मेलं? हप्ता मात्र निम्मानिम्मा. वस्तीत आणि शाळेत मी त्यांची भाडेकरीण. कुणी बोट दाखवू नये म्हणून माझ्या निम्म्या हप्त्याची ते भाड्याची पावती फाडत, आणि त्या नाटकावर आम्ही पोट धरून हसत असू. वास्तुशांतीला गुरुजींनी त्यांच्या शेजारच्या पाटावर पत्नीच्या जागी सुपारी मांडली. यजमानीण हजर नसली की तशी रीत आहे. मी आत पंचामृत कालवत होते आणि दारातून ती दिसत होती, हळदकुंकू लावून ऐटीत बसलेली. अस्सा राग आला मला त्या सुपारीचा!

माझा अर्धा वाटा लिहून ठेवा, असं मी किती वेळा विनवलं असेल. ते हसून म्हणत, "कर्जातलं घर देऊ काय वं तुले? फिटू दे एकदा, मंग मोकळं करून देतो." ऋणाच्या ओझ्यासकट कुणाला काही देऊ नये, हा त्यांचा बाणा. त्याच बाण्यावर तर मी भाळले होते, आता कुणाच्या नावानं बोटं मोडू? संत्र्याच्या बागा फुलांनी घमघमत होत्या त्या दिवसांत, थोडेच हप्ते उरलेले असताना, एका सकाळी गालावर दाढीचा साबण तसाच ठेवून ते कोसळले.

काटोलहून पत्नी आली, सोबत तिचा भाऊ. सांत्वनाला येणारी माणसं माझ्यासमोरून जाऊन तिच्यापाशी बसत. मी त्यांना पाणी देत होते. तेरवीच्या आदल्या दुपारी ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली; वाळकी, दमलेली बाई, तिच्यावर धड चिडताही येईना. भावाला कपाटात पावत्यांची स्थळप्रत सापडली होती. "तुम्ही राहा नं बाई," ती म्हणाली, "मले काय हे घर डोक्शावर घेऊन जायचं हाय? भाडं तेवढं आता आमच्याकडं देत जा, असं भाऊ म्हणून राहिला."

हे घर माझंही आहे, हे ओठांपर्यंत आलं. पण कोण म्हणून सांगू? मी मान डोलावली.

ती जाईना. चौकटीवर बोट फिरवीत, खाली पाहत तिनं विचारलं, "उद्याच्या पानात काय ठेवू? त्यायले काय आवडे, मले नाही ठाव."

"गोळाभात," मी म्हटलं. "वरून हिंगाचं कढत तेल."

"तुम्हीच रांधून द्या नं मंग. पान मी ठेवीन. लोक पाहतात."

दुसऱ्या दिवशी मी डाळ भरडून गोळे वळायला बसले. बाहेर तिच्या गळ्यात पडून बायका मोठमोठ्यानं रडत होत्या. भाडेकरणीनं घरमालकासाठी किती रडायचं असतं, तेच मला कळेना.