तांदळातलं नाव

भाचीच्या लग्नात नवऱ्यामुलाने ताटातल्या तांदळांवर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं, अनन्या. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, परत एकदा गिरवा, अक्षर दिसत नाहीये." त्याने परत गिरवलं.

भाचीचं नाव सुमेधा. चालतं दुकान विकत घेणारासुद्धा जुनी पाटी उतरवायला कचरतो. इथे जन्मापासूनचं नाव उतरवलं आणि वर पेढे वाटले. सासूबाई कौतुकाने सांगत होत्या, "आमच्या अनिकेतला शोभेल असंच शोधलं हो!" सोफ्याला शोभतील असे पडदे शोधावेत, तसं. सुमेधा हळूच म्हणाली, "मला माझंच आवडतं." त्यावर सगळं सासर हसलं. "होईल गं सवय!" नव्याने आणलेल्या कुत्र्याच्या पिल्लाबद्दलही लोक हेच म्हणतात.

तेही तिने गिळलं. मग पंगतीत तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, आग्रह करायला आले. व्याह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अनन्या, जिलबी घे ना."

तिने पानावर हात आडवा धरला. "बाबा, तुम्हीसुद्धा?"

मेहुण्यांनी आधी व्याह्यांकडे पाहिलं. मग जिलबी शेजारच्या पानात वाढली आणि पुढे सरकले.