डावीकडचा डोंगर

मोरीबाई त्या एका फोटोसमोरून हलेनात. अबुधाबीच्या गॅलरीत मी शेवटची फ्रेम लेव्हलला आणत होतो. ओपनिंग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं.

मी फ्रेमर आहे. मूळचा रत्नागिरीचा, वर्कशॉप शारजात. चित्राला माउंट कापायचा, म्हणजे भोवतीची जाड पुठ्ठ्याची खिडकी. मग काच बसवून भिंतीवर टांगायचं. या वेळी चित्रं जपानी होती, लाकडी ठशांनी छापलेली. जवळपास प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. टोकियोहून क्योतोला जाणारा जुना हमरस्ता आणि त्यावरचे वाटसरूंचे मुक्काम. प्रत्येक चित्राशेजारी त्याच जागेचा आताचा फोटो.

चित्रं जपानच्या मोरीबाईंच्या संग्रहातली, फोटो त्यांच्या नवऱ्याने काढलेले. दोघं तो सगळा रस्ता पायी चालले होते. नवरा गेल्या वर्षी वारला.

फोटो स्लाइडवर होते. स्लाइड म्हणजे पारदर्शक फिल्म, ती दोन्ही बाजूंनी दिसते. लॅबवाल्याने मला विचारलं होतं, "भाई, ये एक उल्टा है क्या? पहाड बाकी सब में राइट को है, इसमें लेफ्ट को."

"उल्टा ही होगा. फ्लिप कर दे," मी म्हणालो. शेजारच्या जुन्या चित्रातही डोंगर डावीकडेच होता. मला वाटलं, चित्रकार काय, डोंगर कुठेही काढेल.

मोरीबाई हळूच इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "इथे रस्ता वळतो. म्हणून या एकाच मुक्कामाला फुजी डावीकडे दिसतो. ते बघायलाच आम्ही गेलो होतो."

मी फोटो नीट पाहिला. समोरून येणारी गाडी तिच्या उजव्या कडेने, म्हणजे फोटोत डावीकडून, येत होती. जपानमध्ये आपल्यासारखं डावीकडून चालवतात. इथे इतकी वर्षं उजवीकडून चालवतोय, त्यामुळे डोळ्याला काही खटकलंच नव्हतं.

मॅनेजर अनघा, पुण्याची, मला बाजूला घेऊन म्हणाली, "रशीदभाई, लॅबची चूक झाली म्हणून सांगू. ओपनिंगनंतर बदलू. कोणाच्या लक्षात येतंय?"

"त्यांच्या आलंय की. आणि चूक लॅबची नाही, माझी आहे."

मी मोरीबाईंना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो या फोटोसाठी तिथे दोन दिवस थांबला होता. ढग हटेनात म्हणून."

रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

दुसरा दिवस शुक्रवार. लॅब जुम्म्याच्या नमाजानंतर उघडली. मी दारातच उभा होतो. नवी प्रिंट घेतली, वर्कशॉपला आलो, रात्रीच उतरवून सोबत आणलेली फ्रेम उघडली. माउंट तोच चालला. साडेसहाला गॅलरीत पोचलो, पाहुणे आत यायला लागले होते. अनघा म्हणाली, "यल्ला, रशीदभाई, पटकन." फोटो टांगला. मोरीबाईंनी जवळ येऊन पाहिलं, मान लववली आणि पाहुण्यांना तो वळणाचा रस्ता दाखवायला लागल्या.

आता स्लाइड उलटी वाटली की मी लॅबला काही सांगत नाही. आधी मालकाला फोन करतो. बहुतेक वेळा ती खरंच उलटी असते. तरी करतो.