वाचणारा एक, ऐकणारी वस्ती

"मॅडम, सब ने 'कोई नहीं' लिखा है!" प्राचीने प्रश्नावल्यांचा गठ्ठा माझ्या काउंटरवर आपटला. "गावात एक बी माणूस मराठी पुस्तक वाचत नाही. आता फाइलमध्ये काय लावू, माझं डोस्कं?"

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात लायब्रेरियन आहे. प्राची राजेगावची, एम.लिब.ला शिकते. या अभ्यासक्रमाच्या शेवटी पोर्टफोलिओ द्यावा लागतो, म्हणजे आपल्याला या धंद्यातलं काय काय येतं ते दाखवणारी कामाची फाइल. त्यातला मोठा भाग असतो पाथफाइंडर. नाव भारी, काम साधं. एका विषयावरची पुस्तकं आणि इतर साधनं शोधायची, ती कुठे मिळतील आणि त्यांत काय आहे ते दोन-दोन ओळींत लिहायचं. वाचकाला वाटाड्या. प्राचीने विषय घेतला होता, आपल्या गावातलं मराठी वाचन.

उगाच नव्हता घेतला. तिचे वडील शिंपी. पावसाळ्याच्या महिन्यांत, वर्षावासात, गावच्या विहारात ते ग्रंथ वाचून दाखवत. तो झाला की थैलीतून दुसरं एखादं पुस्तक काढत, आमच्याच वाचनालयातून नेलेलं. प्राची हिंदी शाळेत शिकली, मग हॉस्टेलला गेली. वडील अचानक गेले तेव्हा ती परीक्षेला बसली होती. "मले फक्त ती पुस्तकं पाहाची आहेत, मॅडम," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मी इथे रुजू झाले ती त्यांच्यानंतर, आणि देवघेवीची जुनी रजिस्टरं तोवर वाळवीने फस्त केली होती.

खरं सांगायचं तर त्या विषयाची आस मलाही लागली होती. आमच्याकडे मराठीचं एक कपाट आहे. मी ते पुसते, डांबराच्या गोळ्या बदलते आणि कोणी मराठी पुस्तक मागायला येईल म्हणून वाट बघते. माझं माहेर भंडाऱ्याचं. मुलगा इंदूरला असतो. फोनवर मी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो. प्रेमाने देतो, तक्रार नाही. पण कोणी समोर बसून निवांत मराठी बोलावं, यासाठी जीव तरसतो.

तेवढ्यात प्राचीच्या गाइड सरांचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकून माझ्यापुढे सरकवला.

"मैडम, जिस विषय पर सोर्स ही नहीं, उस पर फाइल कैसे बनेगी? सोमवार तक टॉपिक बदलवा दीजिए."

"सर, बीच में इतवार है."

"इतवार को सोर्स पैदा हो जाएँगे?"

"देखते हैं, सर."

सरांचंही चूक नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी गठ्ठा उलगडला. पहिलाच प्रश्न होता, "आप कौन-सी मराठी किताबें पढ़ते हैं?" अगदी अभ्यासक्रमात शिकवतात तसा.

"तुझी आई काय वाचते गं?" मी विचारलं.

"आईले वाचाले कुठं येते!"

"मग बाबा वाचायचे तेव्हा ती काय करायची?"

"बसून ऐके ना..." प्राची बोलता बोलता थांबली. मग तिने गठ्ठा उचलून पिशवीत कोंबला.

आमच्या धंद्यात रेफरन्स इंटरव्ह्यू म्हणून एक प्रकार असतो. वाचक येतो आणि म्हणतो, "ते निळ्या कव्हरचं पुस्तक द्या, त्यात एक म्हातारा असतो." हसायचं नाही. विचारत विचारत पुस्तकापर्यंत जायचं. रविवारी आम्ही राजेगावच्या विहारात हेच करायला गेलो.

पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया चटईवर बसल्या होत्या. मेणबत्ती लावलेली, आणि टेबलावर स्पीकरला जोडलेला मोबाइल. वाचणारा राहिला नाही म्हणून आता रेकॉर्डिंग लावतात, तेही हिंदीतलं. ते संपलं तसा जयभीम झाला.

"भाऊ वाचत तं समजून सांगत," पुढे बसलेल्या सिंधूबाई म्हणाल्या. भाऊ म्हणजे प्राचीचे वडील. "हा मोबाइल काही थांबत नाही. आपण इचारलं तरी आपला बोलतच राह्यते."

"ग्रंथानंतर भाऊ काय वाचायचे?" मी विचारलं.

"नाव कोणाले आठवते? गोष्ट सांगू काय?"

"गोष्टच सांगा."

मग काय, सगळ्या एकदमच बोलायला लागल्या. एका मास्तरणीने नदीकाठी शाळा काढली, पुरात फळा वाहून गेला, तर तिने घराचं दार काढून त्यावर लिहिलं. एका पैलवानाने कुस्ती सोडून न्हाव्याचं दुकान टाकलं. मी ओळखत गेले. हे खालच्या खणातलं, ते कव्हर गेलेलं. रोज ज्या पुस्तकांवरून फडकं फिरवत होते, ती या बायांना तोंडपाठ होती. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. प्राचीचं पेन थांबत नव्हतं. शेजारी तिची आई नुसती हसत होती.

"आन ते दोघी बहिणीचं?" सिंधूबाईंनी आठवण करून दिली. "धाकटी बहीण मोठीले शोधाले निंगते. घाटावर येते तं नदीपार जावाले नाव नाही. भाऊ तिथवरच वाचून गेले." त्या माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुमी तं शिकल्या आहा. ते नाव आली का नाही?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी ते पुस्तक माहेरी वाचलं होतं, शेवट ठाऊक होता. पण लायब्रेरियनने शेवट सांगायचा नसतो.

"प्राची वाचून दाखवेल," मी म्हटलं.

"मी?" प्राची घाबरलीच. "मले अटकते, मॅडम!"

"अटकू दे," सिंधूबाई म्हणाल्या. "आमाले काहून घाई राहीन?"

सोमवारी सरांना फोन गेला. पुस्तकांची नावं, कपाटातली जागा आणि प्रत्येकाखाली कोणी काय ऐकलं ते. सरांनी यादी पुन्हा एकदा वाचायला सांगितली. मग म्हणाले, "ठीक है, यही टॉपिक रखिए." पोर्टफोलिओ पुढे पास झाला. शेरा मिळाला, 'प्रस्तुति साधारण'.

बहिणींचं पुस्तक मी स्वतः काढून दिलं. प्राचीचे वडील गेल्यावर तिच्या मामाने ते परत केलं होतं, असं तिच्या आईने सांगितलं; तेव्हापासून ते कोणी उघडलेलं दिसत नव्हतं. मधल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. दुमडलेला कोपरा दिसला की मी सरळ करते, वाचकाला चार शब्द सुनावतेही. हा तसाच ठेवला.

पुढच्या रविवारी प्राचीने त्या पानापासून वाचायला घेतलं. अडखळली, हिंदी वळणाने वाचली, दोनदा घसा खाकरला. मोबाइल बंद होता. घाटावर धाकटी उभी होती आणि पलीकडून नाव आली.

"आली वो माय, एकदाची!" सिंधूबाईंनी हात जोडले.

प्राचीने पुस्तक मिटलं. "आज एवढंच."

"अवो! बसली का नाही ते तं सांग!"

"पुढच्या रविवारी."

बाया चिडल्या, हसल्या. प्राचीची आई मात्र पदर तोंडाला लावून रडत होती. भाऊही असेच थांबायचे म्हणे, ऐन रंगात आल्यावर.

धडा एवढाच, की वाचक नाहीत असं लिहिण्याआधी ऐकणाऱ्यांना विचारून घ्यावं. राहिलं माझं. त्या पुस्तकाचा शेवट मला पाठ आहे. तरी येताना पुढच्या रविवारच्या बसची वेळ विचारून आले.