रुग्ण खासगी प्रश्न विचारतात

लोक तिला फिजिओबाई म्हणायचे. खरं नाव प्रत्येक पेशंटच्या वहीत पहिल्याच पानावर होतं, पण ते वाचायची तसदी कोण घेतो? दिवसाला सहा घरं. कुणाचा खांदा आखडलेला, कुणाची कंबर धरलेली, कुणाचा गुडघा नवीन बसवलेला. माणूस एकदा पलंगावर आडवा झाला आणि त्याचा पाय दुसऱ्याच्या हातात असला, की त्याला गप्प राहवत नाही. छताकडे तरी किती वेळ बघणार बिचारा! मग सुरू होतात चौकशा. कुठे राहता, घरी कोण कोण, मिस्टर काय करतात, मुलं किती.

पंचवीस वर्षांत फिजिओबाई यात चांगलीच तरबेज झाली होती. ताकास तूर लागू द्यायची नाही आणि समोरच्याला वाईटही वाटू द्यायचं नाही. पहिल्या प्रश्नाला नुसतं हसायचं. दुसऱ्याला उलट प्रश्न करायचा, "तुमची मुलं काय करतात?" स्वतःबद्दल बोलायला मिळालं, की दुसऱ्याचं कशाला आठवतंय कुणाला! आणि एखादा अगदीच चिवट निघाला, तर त्याचा पाय आणखी दोन बोटं वर उचलायचा. कळ आली की प्रश्न पळतो. हे काही कॉलेजात शिकवत नाहीत, पण उपयोगी पडतं.

एवढं लपवायचं तरी काय होतं? चोरीमारी नव्हती, भानगड नव्हती. नवऱ्यापासून वेगळी झाली तेव्हा मुलगा सतरा वर्षांचा होता. तो बापाकडे राहिला. आधी फोन कमी झाले, मग एका भांडणानंतर बंदच. त्याला सात वर्षं झाली. "मुलगा काय करतो?" असं कुणी विचारलं, तर त्याचं उत्तर तिला खरोखरच माहीत नव्हतं. आता आईलाच ते ठाऊक नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

अशात तिच्या वाट्याला टेलिफोनच्या आजी आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, खुब्याचा सांधा बदललेला. नोकरी सगळी टेलिफोनच्या ऑफिसात गेली. कानाला यंत्र लावून बसायचं, इकडचा फोन तिकडे जोडून द्यायचा. नियम असा, की जोडायचं पण ऐकायचं नाही. चौतीस वर्षं अख्ख्या शहराची बोलणी त्या बाईच्या हातून गेली आणि तिने एक शब्द ऐकला नाही! निवृत्त झाल्यावर त्याची भरपाई त्यांनी व्याजासकट वसूल करायला घेतली होती.

"नवरा आहे का गं?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

ती हसली.

"हसतेस काय? आहे की नाही?"

"आजी, टाच सरकवत जवळ आणा. तुम्हाला नातवंडं किती?"

"तीन. ती बघ भिंतीवर टांगली आहेत. तुझं सांग."

पाय दोन बोटं वर गेला. आजी कळवळल्या आणि त्याच कळेत म्हणाल्या, "बरं, मुलं किती?"

असा पेशंट तिने जन्मात पाहिला नव्हता.

रोज हेच. दहापर्यंत मोजायला सांगावं, तर आजी पाचावर थांबायच्या. घरी गेल्यावर एकटीच जेवतेस का गं? आजारी पडलीस तर औषध कोण आणून देतं? रविवारी काय करतेस? ती आपली "सांगेन की कधीतरी" म्हणून वेळ मारून न्यायची. मात्र संध्याकाळी स्वतःच्या घराचं कुलूप काढताना तिला हसू यायचं. म्हातारी आज काय काय विचारत होती! बाकीच्यांनी विचारणं केव्हाच सोडलं होतं; दिवसभरात तिच्याबद्दल कुणी काही विचारलं असेल, तर तेवढंच.

आता वहीचं सांगायला हवं. प्रत्येक पेशंटच्या घरी एक वही असते. तारीख, कोणते व्यायाम झाले, दुखणं दहापैकी किती आणि शेवटी शेरा. वही पेशंटकडेच राहते, महिन्याने डॉक्टर बघतात. घरची माणसं ती औषधांच्या डब्याखाली ठेवून देतात आणि विसरतात. आजींचा पाय हवा तेवढा उचलला जात नव्हता. डॉक्टर कारण विचारणार, म्हणून एका सोमवारी तिने प्रामाणिकपणे लिहिलं, "रुग्ण व्यायामाच्या वेळी खासगी प्रश्न विचारतात. लक्ष राहत नाही. प्रगती सावकाश." यात खोटं एक अक्षर नव्हतं. पण चौतीस वर्षं कान बंद ठेवलेली बाई घरात पडलेली वही वाचल्याशिवाय राहील, असं हिला वाटलं तरी कसं!

बुधवारी ती गेली तेव्हा आजी पलंगावर सरळ बसून होत्या. चष्मा वहीवर ठेवलेला.

"शेरा वाचला," आजी म्हणाल्या. "बरोबर लिहिलंत तुम्ही. माझंच चुकलं."

"अहो, ते डॉक्टरांसाठी होतं आजी, म्हणजे..."

"हो हो. चला, सुरू करू या."

त्या दिवसापासून आजींनी जी मिठाची गुळणी धरली ती धरलीच. ऑफिसातली जुनी शिस्त परत आली. एक ते दहा, थोडं थांबायचं, पुन्हा एक ते दहा. पाय तर असा सुधारला, की सून दारातच म्हणाली, "काय जादू केलीत हो? सासूबाई अगदी शहाण्यासारख्या वागायला लागल्या." फिजिओबाई हसली. खरं तर तिला रडू येत होतं. तिने एकदोनदा आडून आडून विषयही काढून पाहिला. "काल ताप होता मला, आजी." त्यावर आजी म्हणाल्या, "काळजी घ्या," आणि पुढचा आकडा मोजला. बरं, तक्रार कुणाकडे करणार? दार हिनेच लावून घेतलं होतं आणि तेही लेखी.

शेवटच्या भेटीच्या दिवशी सकाळी तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, तुला सांगू नका म्हणालेत, पण मला राहवेना. आज त्याचं लग्न आहे. अकरा वाजता."

"बरं," ती म्हणाली. फोन ठेवला, पिशवीत रबरी पट्टे भरले आणि कामाला निघाली. दुसरं काय करणार होती? खांदा आखडलेल्या गृहस्थांकडे गेली, कंबर धरलेल्या काकूंकडे गेली. तिच्या चेहऱ्याकडे बघून कुणाला काही वाटलं नाही. काकूंनी तर जाताना तिला पंखा बंद करायला सांगितलं.

आजींकडे पोचली तेव्हा अकराला पाच कमी होते. आजचा व्यायाम उभ्याचा. खुर्चीची पाठ धरायची आणि पाय बाजूला न्यायचा. तोल जाऊ नये म्हणून तिचा हात आजींच्या कमरेशी.

"एक," आजी मोजायला लागल्या. "दोन."

सातापर्यंत तिने कसंबसं निभावलं.

"आज माझ्या मुलाचं लग्न आहे," ती म्हणाली. सांगायचं असं काही ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

आजींचा पाय हवेतच राहिला. त्यांनी तोंड उघडलं. प्रश्न अगदी ओठांवर आला होता, तिला दिसत होता तो. आणि आजींनी तो गिळला.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "आठ."

"विचारा ना, आजी."

"नको बाई. तुमचं खासगी आहे ते."

"विचारा हो. कुणीतरी विचारा मला."

आजींनी पाय खाली टेकवला. एका हाताने खुर्ची घट्ट धरून त्या सावकाश वळल्या आणि तिच्याकडे नीट बघितलं.

"मुलाचं लग्न आहे, मग तू इथे काय करतेस गं?"

"मला बोलावलं नाही," ती म्हणाली. एवढे तीन शब्द बोलायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागला. सकाळपासून ती नुसती कामावर होती. आता ती लग्नाला न बोलावलेली आई झाली आणि ते फार दुखलं.

आजी तिथेच खुर्चीत बसल्या आणि त्यांनी तिला समोर पलंगावर बसायला लावलं.

"नाव काय त्याचं?"

तिने सांगितलं. सात वर्षांत ते नाव तिने कुणापुढे घेतलं नव्हतं. घेताना आवाज फाटला, म्हणून आजींना ते पुन्हा विचारावं लागलं आणि तिने पुन्हा सांगितलं.