अकादमीचा कोच

अल क्वोजमधल्या मुलींच्या फुटबॉल अकादमीचा कोच बोलताना शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहायचा. "इन्शाल्ला" हे उत्तर त्याला चालायचं नाही. "येस या नो, भाईसाब?" अकादमीतल्या मुलीनं शाळेच्या संघातून खेळायचं नाही, हा त्याचा नियम. मी दुबईत भल्याभल्यांना वाकवलंय, पण त्याच्याकडे शिकणाऱ्या माझ्या लेकीला शाळेची फायनल खेळू द्यावी म्हणून केलेली घासाघीस याच्यापुढे चालली नाही.

लेक शाळेकडून फायनल खेळलीच. कोच कुंपणापाशी उभा राहून बघत होता. पाय मुरगळून ती पडली तेव्हा तोच आधी धावला. गुडघ्यावर बसून त्यानं नीट पट्टी बांधली आणि हळूच म्हणाला, "बेटा, कल से अकादमी मत आना."

माझा राग अजून गेलेला नाही. तेव्हा तर मी भांडायलाच निघालो होतो. लेकीनं हात धरला. "बाबा, डोन्ट. ही वॉर्न्ड मी. आय स्टिल प्लेड."